अमेरिकेतल्या फेडरल अपील न्यायाधीशाची कारकीर्द कशी असते?

रिचर्ड पोस्नर यांचं उदाहरण घ्या. हार्वर्डमधून १९६२ मध्ये वर्गात पहिले, मग सर्वोच्च न्यायालयात न्या. ब्रेनन यांचे क्लार्क (म्हणजे न्यायाधीशांना कामात मदत करणारे तरुण वकील), पुढे शिकागो विद्यापीठात प्राध्यापक. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलं, सिनेटने मान्यता दिली आणि ते शिकागोच्या सातव्या सर्किटवर, म्हणजे तिथल्या फेडरल (केंद्रीय) अपील न्यायालयावर आले. इथे आपल्यासारखं निवृत्तीचं वय नाही, नेमणूक तहहयात.

अपिलात साक्षीपुरावे नव्याने होत नाहीत. बहुधा तीन न्यायाधीश खालचा निकाल तपासतात. पोस्नर मात्र कुठले ऐकतायत! २०१४ मध्ये कोंबडी-प्रक्रिया कारखान्यातल्या कामगारांचा दावा आला: जेवणाच्या सुट्टीत संरक्षक कपडे काढण्या-घालण्यात वेळ जातो, त्याचे पैसे द्या. यांनी तसेच कपडे मागवून कोर्टाच्याच कर्मचाऱ्यांना घालायला लावले आणि वेळ मोजला. घालायला सरासरी दीडेक मिनिट! कामगार हरले. पीठातल्याच डायेन वुड यांनी भिन्नमत लिहून या प्रयोगावर कडक टीका केली. माझ्या मते ती रास्तच होती.

१९९३ ते २००० ते मुख्य न्यायाधीश होते. निकाल क्लार्कवर न सोपवता स्वतः लिहायचे. २०१७ मध्ये अचानक पद सोडलं. वकिलाविना येणाऱ्या पक्षकारांना कोर्ट नीट वागवत नाही, यावरून सहकाऱ्यांशी मतभेद झाले होते.