नेटवर्कची केटी आणि वडिलांचा तक्ता

प्रश्न (पत्रातून संक्षिप्त) : तालुक्याच्या गावी माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मुलगा पुण्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या सेमिस्टरला ६.४ पडले आणि नेटवर्क अ‍ॅनालिसिसची केटी लागली, म्हणजे सर्किट सोडवण्याचा तो विषय राहिला, पुन्हा द्यायचा आहे. पुढच्या चार सेमिस्टरचा तक्ता मी करून जोडला आहे : एआयची मायनर (मुख्य शाखेच्या जोडीला दुसरा विषयगट), इलेक्टिव्ह (निवडीचे विषय) सगळे कॉम्प्युटरकडचे, शनिवार-रविवार गेट परीक्षेचा क्लास, सुट्टीत पायथॉन. केटी सहाव्या सेमिस्टरनंतर काढेल. त्याला मशीन लॅब आवडते म्हणतो, पण ते तर आपल्याकडे आहेच. तक्त्यात काय बदल केला म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या बरोबरीने पॅकेज मिळेल?

उत्तर : नमस्कार. तक्ता पाहिला. सेमिस्टरवार रकाने, प्रत्येकाला वेगळा रंग. मेहनत दिसते. पण मी अडकलो ते पत्रातल्या एका वाक्यात. ‘त्याला मशीन लॅब आवडते म्हणतो, पण ते तर आपल्याकडे आहेच.’ चार पानांच्या पत्रात मुलगा स्वतः काही बोललाय ते एवढंच, आणि तेही तुम्ही ‘पण’ लावून मिटवलंत.

का मिटवलंत, ते मला कळतं असं वाटतं. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की सुट्टीत तो घरी आला तरी त्याला दुकानाची पायरी चढू देत नाही. बावीस वर्षं शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी भरल्या, वार्निशचा वास अंगातून गेला नाही, उधारी वसूल झाली नाही. पोरानं हे करू नये, एसीत बसावं, ही इच्छा कुठल्याही बापाची असते. फक्त त्या इच्छेपोटी तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि तुमचं दुकान एकच समजून बसलात, आणि दुकानापासून त्याला लांब ठेवायचं म्हणून त्याच्याच शाखेपासून लांब नेताय. मग इलेक्ट्रिकलला घातलंत कशाला, असं विचारणार होतो. पण उत्तर पत्रातच सापडलं : शाखा त्यानं निवडली, तक्ता तुम्ही केलात.

आता केटीबद्दल, कारण तक्त्यातली सगळ्यात मोठी चूक तिथे आहे आणि ती एकट्या तुमची नाही. ‘केटी काय, नंतर निघते’ हे वाक्य होस्टेलच्या प्रत्येक खोलीत ऐकू येतं. पुढच्या वर्षाला जाऊ द्यायचं की नाही, हे विद्यापीठाचा नियम ठरवतो. पुढच्या वर्षाचं डोक्यात शिरेल की नाही, त्याचा त्या नियमाशी संबंध नाही. इलेक्ट्रिकलचे विषय वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले नाहीत, एकात एक गुंतलेत. नेटवर्कमधलं ट्रान्झियंट आलं नाही, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरच्या सर्किटचं डिफरन्शियल इक्वेशन मांडून लाप्लासने सोडवता आलं नाही, तर कंट्रोल सिस्टिमच्या पहिल्याच महिन्यात ट्रान्सफर फंक्शन म्हणजे नुसती पाठ करायची आकृती होते. फेजर, म्हणजे एसीचं गणित, कच्चे राहिले तर थ्री फेज कच्चं, थ्री फेज कच्चं तर पॉवर सिस्टिम कच्चं. इंडक्शन मोटरचं इक्विव्हॅलंट सर्किट म्हणजे तरी काय? सेकंडरी फिरतेय असा ट्रान्सफॉर्मर, आणि तो सोडवायचा नेटवर्कच्याच रीतीने. तुम्ही केटी सहाव्या सेमिस्टरनंतर ढकललीत. याचा अर्थ मशीन्स, कंट्रोल, पॉवर सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे सगळं तो पाया नसताना ऐकणार, आणि मग पाया भरणार. घर असं कोणी बांधत नाही. मला स्वतःला एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी होती. ती ढकलली आणि सिग्नल्सच्या तासाला वर्षभर फळ्याकडे बघत बसलो, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

तेव्हा पहिला बदल : येत्या सुट्टीत पायथॉनचा क्लास नको. नेटवर्क, आणि जोडीला लाप्लास आणि फुरिए. एनपीटीईएल या ऑनलाइन संचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. पण व्याख्यानं बघण्यापेक्षा रोज पाच गणितं कागदावर सोडवणं मोलाचं.

मायनर सध्या खोडा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) चौकटीत मायनरसाठी पदवीच्या वर आणखी १८ ते २० क्रेडिट धरलेली आहेत. काही ठिकाणी नव्या शैक्षणिक धोरणानुसार ती पदवीतच बसवली आहेत, म्हणून त्याच्या बॅचला काय लागू आहे ते कॉलेजात विचारा. जादा असेल तर चार सेमिस्टरमध्ये दर वेळी एक विषय वाढला, आणि तो ६.४ वाल्या, केटी असलेल्या मुलावर. शिवाय ज्या पॅकेजसाठी हे चाललंय, त्या मोठ्या आयटी भरतीला अनेकदा सगळ्या शाखा बसू शकतात. तिथे अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची चाचणी बघतात. मार्कशीटवर मायनर लिहिली म्हणून कोणी रांगेत पुढे घेतल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

याचा अर्थ प्रोग्रामिंग नको असं नाही. हवंच, पण त्याच्या शाखेतून आलेलं. सहाव्या सेमिस्टरच्या आसपास पॉवर सिस्टिममध्ये लोड फ्लो येतो, म्हणजे विजेच्या जाळ्यात कुठून किती वीज वाहते याचा हिशोब. पाच बसचं (जोडबिंदूंचं) छोटं नेटवर्क घेऊन न्यूटन-रॅफसन पद्धतीने पायथॉनमध्ये तो स्वतः सोडवला, तर मॅट्रिक्स, इटरेशन, चूक शोधणं, सगळं हाताखालून जातं. क्लासमध्ये फी भरून दुसऱ्याचा कोड उतरवण्यापेक्षा हे बरं. सी भाषा मायक्रोकंट्रोलरच्या निमित्ताने येईल.

गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, स्कोअर तीन वर्षं चालतो, एमटेक आणि काही सरकारी कंपन्यांसाठी उपयोगी आहे. यूपीएससीची ईएसई ही इंजिनिअरांची परीक्षा आणि महावितरण-महापारेषणच्या भरत्याही आहेत. सगळ्यांचा अभ्यास म्हणजे हेच विषय. ते नीट केल्याशिवाय शनिवार-रविवारचा क्लास म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण.

राहिले इलेक्टिव्ह. ते आज ठरवूच नका. पाचव्या सेमिस्टरला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स कसं जातं ते बघू द्या, विषय कोण शिकवतंय ते सीनियरकडून कळू द्या (चांगल्या मास्तरांचा अवघड विषय वाईट मास्तरांच्या सोप्या विषयापेक्षा केव्हाही घ्यावा). माझा कौल ड्राइव्ह्जकडे, म्हणजे मोटरचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सकडे आहे, आणि कारण तुमच्याच दुकानात आहे. तुमच्या भागात सौर कृषी पंप आले असतील. त्यात पॅनलमधून डीसी येतो आणि कंट्रोलर त्याच्यापासून मोटरला हवं ते बनवतो. पंप बंद पडला की शेतकरी आधी तुमच्याकडेच येत असणार, आणि मोटर चांगली असून कंट्रोलर गेलेला असला की तुम्ही हात जोडत असणार. त्या डब्यात जे आहे ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. विजेवरच्या स्कूटरमध्ये, लिफ्टमध्ये, कारखान्यात मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीमध्ये तेच. व्हीएफडीच्या वेगवान पल्सनी वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर ताण येतो आणि पहिल्या काही वेढ्यांतच शॉर्ट होऊ शकतो. हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल, तो वर्गात शिकेल. दोघांनी एकमेकांना सांगितलं तर बरंच काही जमेल.

म्हणून शेवटचा बदल तक्त्यातला नाही. या सुट्टीत त्याला दुकानात येऊ द्या. मोटर भरायला नव्हे, उघडायला. एक फेज गेल्यामुळे जळालेली मोटर तुम्ही कव्हर काढताच ओळखता : स्टार जोडणीची असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी लालबुंद तांब्याची तशीच, डेल्टा जोडणीची असेल तर एकच काळी. हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही, हाताने कळलं. तसं का होतं, ते त्याला विचारा. तो अडेल, कारण हा अख्खा प्रश्न नेटवर्क अ‍ॅनालिसिसचा आहे आणि त्याला केटी आहे.

मग त्याला कागद द्या. डेल्टाची मोटर, एक लाइन तुटलेली, रोटर थांबलेला आणि तिन्ही वाइंडिंग सारखी धरायची. एका वाइंडिंगवर पूर्ण व्होल्टेज येतं, बाकीच्या दोन सिरीजमध्ये जातात. करंट किती, ते काढून त्यानेच मला लिहावं, तुम्ही नको. उत्तर दोनास एक यायला हवं, आणि उष्णता करंटच्या वर्गात जाते म्हणजे चारास एक. ताळा करायला काळी पडलेली कॉइल दुकानात असेलच.