वायफाय कॉलिंग चालू ठेवावं का? माझा कॉल मध्येच तुटतो, आणि ५जी फोन असून कॉल लागला की ४जी दिसतं, असं का?

५जीचं आधी उरकतो, त्यात विशेष काही नाही. फोन बरा आहे तुमचा. बऱ्याच ठिकाणचं ५जी अजून ४जीच्याच पायावर उभं आहे, तिथे डेटा ५जीवरून जातो आणि आवाज ४जीवरून, म्हणजे व्हीओएलटीईने. जिथे पूर्ण स्वतंत्र ५जी आहे तिथेसुद्धा कंपनीने व्हीओएनआर, म्हणजे ५जीवरूनच आवाज न्यायची सोय, चालू केलेली नसेल तर कॉलपुरतं फोनला ४जीवर उतरवतात आणि बोलणं संपलं की परत वर नेतात. कॉल लागल्यावर थेट ३जी किंवा २जी दिसायला लागलं तर मात्र व्हीओएलटीई बंद असण्याची शक्यता जास्त, सेटिंगमध्ये जाऊन बघा.

आता वायफाय कॉलिंग. "ते म्हणजे व्हॉट्सॲप कॉलच की" हे वाक्य मी आमच्या भाऊजींच्या तोंडून इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर हात आवरला नाही. भाऊजी आयटीत आहेत, त्यामुळे घरातल्या राउटरला हात लावायचा मान त्यांचा आणि बिल भरायचा माझा. तर नाही, ते व्हॉट्सॲप कॉल नाही. वायफाय कॉलिंगमध्ये फोन सिमच्या ओळखीवर तुमच्या मोबाईल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक एन्क्रिप्टेड बोगदा काढतो आणि कॉल त्यातून जातो. नंबर तुमचाच, समोरच्याकडे साधा कीपॅडचा फोन असला किंवा लँडलाइन असली तरी चालतं, त्याने काहीही इन्स्टॉल करायचं नाही. बँकेचा व्हेरिफिकेशनचा फोन किंवा हॉस्पिटलचा रिपोर्टसाठीचा फोन ॲपवर येत नाही हो, तो नंबरवर येतो.

आमच्याकडे आईची खोली सगळ्यात आतली, चारही बाजूंनी काँक्रीट, मोबाईलची रेंज शून्य. ती कॉल आला की फोन घेऊन दारापर्यंत पळायची, गुडघे दुखत असताना. मी तिच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं आणि ते पळणं बंद झालं. पण संध्याकाळी आवाज तुटायला लागला. भाऊजींचं निदान तयारच होतं, "स्पीड कमी पडतोय, प्लॅन वाढव." वाढवला. स्पीड टेस्टमध्ये आकडा मोठा आला, सगळ्यांना दाखवूनही झाला, आणि त्याच संध्याकाळी ताई फोनवर ओरडत होती की आई तुझं काही कळत नाहीये, शब्द गिळल्यासारखे येतायत.

इथे एक गोष्ट कोणी लक्षात घेत नव्हतं. आईला ताईचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तुटत होता तो फक्त आईचा आवाज, म्हणजे घरातून बाहेर जाणारा. मी भाऊजींना म्हटलं, भाऊजी, येणारं नीट येतंय तर जाणाऱ्यात घोळ आहे, अपलोड बघूया. "कॉलला किती अपलोड लागतं रे," म्हणून उडवून लावलं. बरोबर आहे, काहीच लागत नाही! एचडी व्हॉइसचा जो नेहमीचा कोडेक, म्हणजे आवाज आवळून आकड्यांत बसवायची पद्धत, असतो तो जास्तीत जास्त सेकंदाला २४ किलोबिटच्या आसपास जातो, आवाजाचे तुकडे ज्या पॅकेटांत घालून पाठवतात त्यांचं वेष्टन धरलं तरी शंभरच्या आत. म्हणूनच तर प्लॅन वाढवून काही होत नाही. आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांना निघतं आणि ते वेळेवर पोचायला लागतं, एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. रांगेत अडकून उशिरा आलेलं पॅकेट फोन सरळ टाकून देतो, त्याचं आता करायचं काय.

आणि रांग कोण लावत होतं? राउटरच्या पानावर कोणतं डिव्हाइस किती अपलोड करतंय त्याची यादी दिसते, त्यात सगळ्यात वर भाऊजींनी हौसेने लावलेले सीसीटीव्ही कॅमेरे. हालचाल दिसली की क्लाउडवर व्हिडिओ चढवायचे. संध्याकाळी सगळे घरी, सतत हालचाल, सतत अपलोड. रात्री सगळे झोपले की कॉल एकदम स्वच्छ, ज्याचं स्पष्टीकरण भाऊजी "रात्री नेटवर्कवर लोड कमी असतो" असं द्यायचे. लोड कमी व्हायचा खरा, पण आपल्याच हॉलमधला. मी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर वळवलं, राउटरमध्ये त्यांच्या अपलोडला मर्यादा घातली, आणि ताईला आई ऐकू यायला लागली. भाऊजी अजूनही म्हणतात राउटर रीस्टार्ट झाला म्हणून सुधारलं.

तर तुमच्याकडेही आधी हेच बघा की आवाज कोणाचा तुटतोय. तुमचा तुटत असेल तर कॅमेरा, फोटोंचा बॅकअप, लॅपटॉपचं सिंक, जे काही वर चढत असेल ते थांबवून कॉल करा. दोघांचाही तुटत असेल तर राउटर लांब आहे किंवा वायफायमध्येच दम नाही. खरंच वायफाय कॉलच चाललाय का याची खात्री करायची असेल तर एअरप्लेन मोड लावा, त्यात वायफाय परत चालू करा आणि मग नंबर फिरवा. ऑफिसच्या वायफायवर लागतच नसेल तर बहुतेक फायरवॉलने यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कचे ठरावीक दरवाजे, अडवलेत, तुमचा बोगदा त्यांच्यातूनच जातो. आयटीवाल्याला सांगा, तो आधी स्पीड टेस्ट करायला सांगेल, करू नका.

चालू ठेवावं का, तर घरात रेंज कच्ची असेल तर हो. रेंज चांगली असेल तर फोनमध्ये "मोबाईल नेटवर्क आधी" असा पर्याय असल्यास तो ठेवा, कारण व्हीओएलटीईमध्ये आवाजासाठी नेटवर्क वेगळी राखीव जागा देतं, वायफायवर तुमचा कॉल घरातल्या बाकी सगळ्यांच्या व्हिडिओंबरोबर धक्के खात जातो. (एवढ्यापुरतं भाऊजींचं व्हॉट्सॲपवालं बरोबर आहे, पण हे त्यांना सांगणार नाही.)

बोलत बोलत घराबाहेर पडलात तर कॉल वायफायवरून व्हीओएलटीईवर सरकतो, पण कंपनीने ती सोय दिलेली असेल आणि बाहेर ४जी असेल तरच, नाहीतर कट. परदेशात वायफाय कॉलिंग काही कंपन्या चालू देतात, काही नाही, पैसे कसे लावतात ते निघायच्या आधी विचारा. आणि इमर्जन्सी नंबरसाठी एकट्या वायफायवर विसंबू नका, टॉवरवरून जसा ठिकाणाचा अंदाज लागतो तसा वायफायवरून लागेलच असं नाही. हे किरकोळ वाटत असेल तर ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ३जी बंद केलं तेव्हा जे फोन एरवी ४जीवर बोलायचे पण इमर्जन्सी कॉलला ३जीवरच जायचे, ते सरळ नेटवर्कवरून ब्लॉक केले गेले. जुना फोन वापरत असाल तर तो इमर्जन्सी कॉल ४जीवरून लावतो का हे आधी तपासा, माझं कॅमेऱ्यांचं पुराण नंतर वाचलं तरी चालेल.