स्टेंट बसवला, तरी फुगा वाढतोय

प्रश्न : माझे वडील 76 वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पोटातल्या महाधमनीला फुगा आला होता म्हणून जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवला. पोट उघडावं लागलं नाही, बाबा चौथ्या दिवशी घरी आले. ऑपरेशननंतर महिन्याभराने केलेल्या सीटीत फुगा 58 मिलिमीटर होता. मग दर वर्षीच्या तपासणीत 57, 60, 62 आणि आता 65. प्रत्येक रिपोर्टवर तेच वाक्य असतं : 'टाइप 2 एंडोलीक, मागील तपासणीच्या तुलनेत विशेष बदल नाही.' बाबांना कसलाही त्रास नाही. सर्जन म्हणतात, सहा महिने थांबू. काका म्हणतात, ऑपरेशनच फसलं. कोणाचं ऐकायचं?
— एक वाचक

उत्तर : ताई, तुम्ही पाचही आकडे ओळीने लिहून पाठवलेत, त्यामुळे अर्धं काम झालं. एरवी पत्रात 'रिपोर्ट ठीक आहे' एवढंच असतं.

आधी काकांचं. ऑपरेशन फसलं असं म्हणता येणार नाही. पण ते संपलेलंही नाही. जांघेतून केलेल्या या ऑपरेशनमध्ये फुगा काढून टाकत नाहीत. जुन्या फुगलेल्या नळीच्या आत कापडाची, धातूच्या कड्यांची नवी नळी बसवतात. रक्त नव्या नळीतून जातं, बाहेरचा फुगा जागेवरच राहतो. त्यावरचा दाब गेला की तो हळूहळू आकसतो किंवा निदान आहे तेवढाच राहतो. नव्या नळीच्या बाहेर कुठून तरी रक्त पोचत राहिलं, तर त्याला एंडोलीक म्हणतात. टाइप 2 मध्ये हे रक्त पाठीकडच्या कमरेच्या बारीक धमन्यांतून किंवा आतड्याकडे जाणाऱ्या एका धमनीतून उलटं येतं. फुग्यातून बाहेर जाणाऱ्या वाटाच आता आत येणाऱ्या झाल्या. यातल्या बऱ्याच गळत्या पहिल्या सहा महिन्यांत आपोआप बुजतात. न बुजलेली गळतीसुद्धा फुगा वाढत नसेल तर आम्ही छेडत नाही.

तुमच्या बाबांचा फुगा मात्र वाढतोय. 57 ते 60 म्हणजे तीन, पुढे दोन, पुढे तीन. पाच मिलिमीटरच्या आतला फरक मोजण्यातली चूकही असू शकतो, म्हणून रिपोर्ट लिहिणारा दर वेळी 'विशेष बदल नाही' लिहितो. त्याच्यापुरतं ते बरोबर आहे, कारण त्याच्या हातात फक्त मागच्या वर्षीचा रिपोर्ट असतो. पण 58 वरून 65 म्हणजे सात मिलिमीटर. ही वाढ आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझे एक पेशंट दर वर्षी वेळेवर यायचे. मी मागचा रिपोर्ट शेजारी ठेवायचो, दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसायचा, मी सोडून द्यायचो. पाचव्या वर्षी त्यांच्या पत्नी कापडी पिशवीत जुन्या सगळ्या फिल्म घेऊन आल्या. कपाट आवरताना सापडल्या होत्या, टाकू का म्हणून विचारायला आणल्या होत्या. सहज म्हणून पहिली फिल्म आणि त्या दिवशीची फिल्म लाइट बॉक्सवर शेजारीशेजारी लावली. अकरा मिलिमीटर! आणि आणखी एक गोष्ट दिसली. स्टेंटची वरची कडी पहिल्या फिल्ममध्ये मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या लगेच खाली होती, ती आता बोटाच्या पेराइतकी खाली घसरली होती. ज्याला मी इतकी वर्षं टाइप 2 म्हणत होतो, तो टाइप 1 होता. वरच्या टोकाशी पकड सुटून महाधमनीच्या पूर्ण दाबाने रक्त फुग्यात शिरत होतं. टाइप 1 दिसला की वाट बघायची नसते. वर एक जादा तुकडा बसवून ती गळती बंद केली, निभावलं. त्या बाईंनी पिशवी टाकून दिली असती तर काय, याचा मी फारसा विचार करत नाही.

म्हणून बाबांसाठी माझा आग्रह असा. ऑपरेशननंतरची पहिली सीटी शोधा. फक्त रिपोर्ट नको, सीडी हवी. ती आणि आताची सीटी एकाच माणसाने, एकाच पद्धतीने मोजायला हवी. मधल्या काही तपासण्या सोनोग्राफीच्या असतील तर तेही सांगा; सोनोग्राफीवर माप साधारणपणे सीटीपेक्षा थोडं कमी भरतं, त्यामुळे ते आकडे एका माळेत ओवता येत नाहीत. मग सर्जनना सरळ विचारा : 'वरची आणि खालची पकड नीट आहे ना? तुकड्यांचे सांधे सुटलेले नाहीत ना?' सांध्यातून किंवा कापड फाटून गळत असेल तर तो टाइप 3, आणि तोही थांबण्यातला नाही. कॉन्ट्रास्ट (रक्त उठून दिसण्यासाठी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर थोड्या उशिराने काढलेल्या प्रतिमाही हव्यात, कारण टाइप 2 चं संथ रक्त कधीकधी तिथेच दिसतं. त्याआधी मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या.

हे सगळं पाहूनही टाइप 2 च निघाला, तर 'सहा महिने थांबू' हा सल्ला निष्काळजीपणाचा नाही. काही सर्जन पाच मिलिमीटर वाढीला हात घालतात; युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं टाइप 2 साठी दहा मिलिमीटरपर्यंत थांबायला हरकत नाही म्हणतात. उपाय म्हणजे ती बारीक धमनी गाठून तिच्यात कॉइल (धातूच्या तारेचं बारीक वेटोळं) किंवा गोंदासारखा द्रव सोडून ती बुजवणं. सांगायला सोपं, पण एक वाट बुजवली की दुसरी उघडते, असंही होतं. पोट उघडून ग्राफ्ट काढणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि 76 व्या वर्षी तो मोठाच आहे. सहा महिने म्हणजे मात्र सहा महिनेच. नातवाची परीक्षा, घरातलं लग्न, मग बघू, असं नको.

ही तपासणी आयुष्यभराची आहे, हे ऑपरेशनच्या वेळी फारसं कोणी ठासून सांगत नाही. ब्रिटनमध्ये 1999 ते 2004 दरम्यान 1252 रुग्णांवर ईव्हीएआर-1 ही चाचणी झाली; तिच्यात स्टेंटची तुलना पोट उघडून केलेल्या ऑपरेशनशी केली होती. तिचे 15 वर्षांचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. सुरुवातीच्या महिन्यांत स्टेंटवाले फायद्यात होते. आठ वर्षांनंतर मात्र फुग्यामुळे होणारे मृत्यू त्यांच्यातच जास्त निघाले, मुख्यतः फुगा उशिरा फुटल्यामुळे.

अचानक पोटात किंवा पाठीत जोराची कळ आली, घेरी आली, तर बाबांना थेट इमर्जन्सीत न्या आणि दारातच सांगा, 'पोटात स्टेंट ग्राफ्ट आहे.' लघवीच्या इन्फेक्शनसाठी कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं तर आधी फुग्याबद्दल सांगा. महाधमनीचा फुगा असलेल्यांनी या गटातली (फ्लुरोक्विनोलोन) प्रतिजैविकं दुसरा पर्याय असताना टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 च्या डिसेंबरमध्ये दिला आहे.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझं असंच ऑपरेशन झालं. आता दोनशे पावलं चाललो की उजव्या पोटरीत गोळे येतात. मणक्याचं दुखणं असेल म्हणून व्यायाम सुरू केले आहेत.
— एक वाचक

उत्तर : व्यायाम बाजूला ठेवा. चालताना दुखतं आणि नुसतं उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत थांबतं, असं होतं का? मणक्याचं दुखणं बहुधा उभं राहून जात नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. तुमच्या ग्राफ्टला विजारीसारखे दोन पाय असतात. ग्राफ्टचा उजवा पाय मुरगळला किंवा त्यात गुठळी धरली तर नेमकं असंच दुखतं. याच आठवड्यात सर्जनकडून पायाची नाडी तपासून घ्या आणि डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. पाय गार, पांढरा किंवा बधिर पडला तर आठवड्याचीही वाट बघू नका. तिथे हिशोब तासांचा असतो.

प्रश्न : मोठ्या भावाला हा फुगा निघाला. मी 61 वर्षांचा आहे, सिगारेट ओढतो, त्रास काही नाही. मला तपासणीची गरज आहे का?
— एक वाचक

उत्तर : आहे. पोटाची साधी सोनोग्राफी, दहा मिनिटांचं काम. महाधमनी तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर निश्चिंत व्हा. सिगारेटचं तुम्ही स्वतःच लिहिलंत, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे.