माझा चोर आणि माझे गुडघे

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात चौघं मिळून फ्लॅट घेतलाय आणि तिथं रोज रात्री एकच वाद. माझं म्हणणं, स्कायरिमसारखे मोठे आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, आता सरळ व्हीआरमध्येच, म्हणजे डोक्यावर हेडसेट चढवून आत शिरायच्या आभासी जगातच, यायला हवेत. दुसऱ्या जगात जाऊन राहायचं म्हणून तर आपण हे गेम खेळतो. मग खिडकीतून कशाला बघायचं, दार उघडून आत का नाही जायचं? रूममेट म्हणतो, व्हीआर म्हणजे जत्रेतला पाळणा, दोन फेऱ्या झाल्या की उतरायचं. तुम्ही दोन्ही खेळलात. निकाल द्या.
– एक वाचक, पुणे

उत्तर : निकाल देते, पण आधी माझी फजिती ऐकून घ्यावी लागेल.

सांगलीत आमचं सायबर कॅफे होतं, आठ मशिनचं. पोरं तासावर काउंटर-स्ट्राइक खेळायची आणि मी गल्ल्यावर बसून स्वेटर विणायची. रात्री दहाला शटर अर्धं ओढलं की कोपऱ्यातल्या मशिनवर माझा खेळ सुरू. 2011 च्या नोव्हेंबरात स्कायरिम आला, माझ्यापर्यंत पोचायला पुढचा उन्हाळा उजाडला. त्यात खजीत नावाची जमात आहे, मांजराच्या तोंडाची, शेपटीवाली. मी खजीत घेतला, नाव ठेवलं बोका, आणि धंदा निवडला चोरीचा. प्रत्यक्षात मी भाजीवालीने पाच रुपये जास्त परत दिले तर अर्ध्या रस्त्यातून माघारी जाणारी बाई. बोका मात्र झोपलेल्या माणसांच्या उशाखालचं लांबवायचा. चीजचे अख्खे गोळे चोरायचा, गरज नसताना. अडीचशेच्या आसपास तास मी त्याच्यासोबत काढले. त्या तासांत ड्रॅगन किती मारले ते आठवत नाही, पण रिफ्टन गावातलं कुठलं कुलूप किती अवघड ते आजही सांगेन.

2021 साली न्यू जर्सीचा भाचा सुट्टीला आला तो क्वेस्ट 2 हेडसेट घेऊन. माझ्या मुलाने तो केबलने स्वतःच्या पीसीला जोडला आणि माझ्या डोक्यावर स्कायरिमची व्हीआर आवृत्ती चढवली. ती प्लेस्टेशनवर 2017 ला आणि पीसीवर 2018 ला आली होती, म्हणजे आमच्या घरी शिळीच पोचली. मी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, आणि डोळे उघडले तर बैलगाडीत नव्हे, घोडागाडीत, हात बांधलेले, समोर कैदी, बाजूला पाइनची झाडं. हाच प्रसंग पडद्यावर मी चार-पाच वेळा तरी पाहिलेला, मधे उठून कुकर बंद करून आलेली. इथं मान वळवली तर मागचा रस्ता दिसत होता. ड्रॅगन बुरुजावर उतरला तेव्हा मी मान वर करत गेले, करत गेले, आणि डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं. मॉनिटरवर तो वीतभर होता. दहा वर्षं ज्याला मी पाल समजत होते तो तीन मजली निघाला.

तेव्हा तुझा मुद्दा पहिल्या अर्ध्या तासापुरता शंभर टक्के मान्य. धनुष्य खरंच ओढायचं, एक हात पुढे, एक कानापर्यंत मागे. रात्री आभाळात हिरव्या प्रकाशाचे पडदे हलतात, ते बघत मी नुसती उभी राहिले. ब्लीक फॉल्सच्या थडग्यात छतावरून तो मोठा कोळी खाली उतरतो, तिथं मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू लाटणं हातात घेऊनच आल्या.

घोळ तिसऱ्या दिवशी झाला. सवयीप्रमाणे रात्री एका घरात शिरले. व्हीआरमध्ये एक सोय आहे, लपून चालायचं तर बटण दाबायला नको, स्वतः खाली वाकायचं. वाकले. उजव्या गुडघ्याने आवाज केला, खरा, हॉलमधला. पलंगावर एक बाई झोपली होती. शेजारच्या फळीवर चांदीचं काहीतरी. मी हात पुढे केला आणि हात थांबला. ती बाई माझ्यापासून हातभर अंतरावर होती, तिची छाती श्वासाने वरखाली होत होती, आणि हात बोक्याचा नव्हता, माझा होता. मी ते भांडं उचलू शकले नाही. बाहेर आले, हेडसेट काढला आणि चहा टाकला.

तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या चहाच्या वेळी मिळालं. आरपीजी म्हणजे दुसऱ्या जगात जाणं, असं तू म्हणतोस. ते अर्धंच झालं. त्या नावातला पहिला शब्द रोल आहे, भूमिका. दुसऱ्या जगात जायचं ते दुसरं कोणीतरी होऊन. व्हीआर जग फार सुंदर देतं, पण तिथं पाठवतं मलाच, माझ्या उंचीची, माझ्या गुडघ्यांची, माझ्या भिडेची. पडद्यावर कॅमेरा मागे घेतला की बोक्याची शेपटी दिसायची, कान दिसायचे, अंगावर कुठलं चिलखत चढवलंय ते दिसायचं. व्हीआर आवृत्तीत कॅमेरा मागे जातच नाही. खाली पाहिलं तर पायसुद्धा नाहीत, नुसते मनगटापासूनचे दोन हात हवेत तरंगतायत. लोकांनी मॉड करून, म्हणजे गेममध्ये स्वतःची भर घालून, त्याला अंग जोडलंय, मुलाने ते टाकूनही दिलं. त्याने पोट आलं, बोका काही आला नाही.

आम्ही सांगलीकर या बाबतीत जरा जास्तच बोलतो, ते सोसून घे. 1843 च्या 5 नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीता स्वयंवर उभं केलं, तेव्हापासून गावात नाटकावर मत नसलेला माणूस शोधून सापडत नाही. माझे आजोबा हौशी नट. ते म्हणायचे, रावण करायचा तर रावण आणि आपण यांच्यात बोटभर फट ठेवावी. फट नसली तर नट घाबरतो आणि रावण ओशाळतो. मॉनिटर ही माझी बोटभर फट होती.

आता रोजच्या कटकटी. मोठा आरपीजी शंभर-दीडशे तासांचा. क्वेस्ट 2 चं वजन अर्धा किलो, नेमकं सांगायचं तर 503 ग्रॅम, आणि ते नाकावर. बॅटरी दोन-अडीच तास. एप्रिलमधल्या सांगलीत वीस मिनिटांत भिंगांवर वाफ धरते. या गेममधला बराच वेळ लढण्यात नाही, सामान लावण्यात जातो, हे तू मान्य कर. कुठली तलवार विकायची, कुठलं औषध उकळायचं. व्हीआरमध्ये त्याच याद्या डोळ्यांसमोर हवेत लटकतात, धुण्याच्या दोरीसारख्या. आणि डिस्को इलिझियमसारखा खेळ, ज्यात तुम्ही वाचतच बसता, तो डोक्यावर चढवून कोण वाचेल? मी तरी लोळून वाचेन, हाताशी शेंगदाणे घेऊन. हेडसेट घालून साधा चहाचा कप तोंडापर्यंत नेणं हे शौर्याचं काम आहे, मी दोन कप फोडलेत.

पैशांचं गणित तुम्ही पोरं विसरता. स्कायरिमच्या सगळ्या आवृत्त्या मिळून 2023 पर्यंत सहा कोटी प्रती गेल्या. एवढं गिऱ्हाईक असतं म्हणून कोणी पाच-सहा वर्षं शेकडो माणसांना पगार देतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर खेळणाऱ्या शंभरांत हेडसेटवाले दोन-एक निघतात. थेट हेडसेटसाठी बांधलेला खरोखर मोठा आरपीजी म्हणजे 2023 च्या डिसेंबरातला अ‍ॅसगार्ड्स रॅथ 2, साठेक तासांचा. तो बनवला मेटाच्याच, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीच्याच, स्टुडिओने, आणि मेटाच क्वेस्ट हेडसेट विकते. दुकान चालावं म्हणून मालकाने घातलेला मांडव तो. दुसऱ्या कुणाला तो मांडव परवडेल असं मला दिसत नाही.

तरी रूममेटलाही जिंकू देणार नाही. 2020 चा हाफ-लाइफ: अलिक्स हा व्हीआर गेम पाळणा नव्हे. तो आरपीजी नाही, पण पहिल्या दिवसापासून हातांसाठी लिहिलेला आहे. ड्रॉवर उघडून चाचपायचा, पेटीतून गोळ्या काढून भरायच्या, आणि तुमची पात्रता एवढीच की तुम्ही तिथं हजर आहात. भूमिका निभावण्याचं ओझं नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती पहिल्या अ‍ॅसगार्ड्स रॅथची युक्ती, 2019 ची. तिथं तुम्ही देव असता, प्रचंड. खालचं जग तुम्हाला गौरीगणपतीच्या देखाव्याएवढं दिसतं. वाकून बघायचं, आणि लढायची वेळ आली की एका माणसात शिरायचं. डेमिओ नावाच्या गेमात तर टेबलच आहे, त्यावर बाहुल्या उचलून ठेवायच्या. यात फट शाबूत राहते. व्हीआर म्हटलं की सगळे पात्राच्या डोळ्यांत घुसायला धावतात. मला हवाय बाल्डर्स गेट 3 हा आरपीजी माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडलेला, माझी चार माणसं बोटभर उंचीची, आणि मी वरून बघतेय.

तेव्हा निकाल असा. मोठ्या आरपीजीनी घर बदलू नये. हवी तर व्हीआरची एक खोली काढावी, ड्रॅगन बघायला मी रोज जाईन. बोका मात्र मॉनिटरवरच राहणार.

प्रश्न : व्हीआरमध्ये जॉयस्टिकने पुढे चाललं की पाच मिनिटांत मळमळायला लागतं. उडी मारल्यासारखं एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचा पर्याय घेतला तर बरं वाटतं, पण मग मजा जाते. माझ्यात काही दोष आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रत्नागिरीचे आहात म्हणजे आंबा घाट पाठ असेल. एसटीत पुस्तक वाचत बसलं की काय होतं? कान सांगतो गाडी वळतेय, डोळे सांगतात पान स्थिर आहे, आणि दोघांच्या भांडणात पोट सापडतं. हेडसेटमध्ये भांडण तेच, बाजू उलट्या. डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो खुर्चीत बसलोय. दोष नाही, तुमचा कान चोख काम करतोय.

सेटिंगमध्ये वळण टप्प्याटप्प्याचं करा, सलग नको. चालताना कडा काळ्या करण्याची सोय असते, ती चालू ठेवा. टेबलफॅन समोरून लावा. त्याच्या वाऱ्यावरून आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळत राहतं. सुरुवातीला दहा मिनिटं, आणि मळमळ सुरू होताच थांबायचं, ‘अजून थोडं’ नाही. जिद्दीने खेळलात तर पुढे हेडसेटच्या नुसत्या फोमच्या वासानेही पोट ढवळेल, मला झालंय. पीसी जुना असेल तर ग्राफिक्स खाली आणा. सेकंदाला 90 चित्रं हवी असतील तर प्रत्येकाला 11 मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचं काम उरकावं लागतं. मॉनिटरवर गेम अडखळला तर आपण शिव्या देतो, इथं अडखळला तर बादली लागते.

मजा जाते म्हणता तेही खरंच आहे. स्कायरिममध्ये डोंगरावरच्या मठाला जाणाऱ्या पायऱ्या आहेत, वाटेत बर्फ, मधेच शिळांवर कोरलेल्या ओळी. तिथं उड्या मारत गेलं की देवळात लिफ्टने गेल्यासारखं वाटतं. मी त्या पायऱ्या हेडसेटमध्ये चढलेच नाही, मॉनिटरवर चढले.

प्रश्न : मुलाचा हेडसेट वापरायची इच्छा आहे. पण चष्मा आहे, अंबाडा आहे, कपाळावर टिकली. कसं करू?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : टिकली आधी काढा. माझी फोमच्या आत चिकटायची आणि मग मुलाच्या कपाळावर निघायची. तो तसाच एकदा क्लासला गेला. अंबाडा खाली मानेशी घाला, पट्टा त्याच्या वरून जातो. क्वेस्ट 2 च्या खोक्यात चष्मेवाल्यांसाठी एक प्लास्टिकची चौकट येते, ती बसवली की काचेला काच घासत नाही. मुलाने ती फालतू समजून टाकली नसेल तर खोक्यात तळाशी असेल.

आणि खेळून झालं की हेडसेट खिडकीत ठेवू नका. त्या भिंगांतून ऊन आत एकवटतं आणि पडद्यावर कायमचा डाग पडतो. उशीचा जुना अभ्रा घ्या, त्यात घालून कपाटात ठेवा.