रत्नागिरीजवळ जांभ्याच्या कातळावर दुमजली घर बांधायचंय. वर दगडच आहे, तरी माती परीक्षण लागेल का?

हो, करून घ्या. जांभा वर कडक असला तरी तो खाली तसाच असेल असं नाही. अनेक ठिकाणी त्या थराखाली लिथोमार्ज ही मऊ चिकणमाती असते. पावसाचं पाणी मुरलं की ती आणखी ढिली पडते, आणि खुद्द जांभ्यातही पोकळ्या सापडतात. एसपीटी या मातीचा घट्टपणा मोजणाऱ्या चाचणीत बोअरमधल्या नळीवर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून टाकून घाव मोजतात. जांभ्यावर घाव पन्नाशीपार गेले की ड्रिलवाले 'कातळ लागला' म्हणून थांबतात, खरी गोची तिथेच! त्यामुळे आधीच ठरवून सांगा:

- जांभा पार करून खालच्या थरापर्यंत बोअर न्यायचा.
- मधल्या मऊ मातीचा अखंड नमुना काढायचा.
- भूजल पातळी पावसाळ्यानंतर एकदा मोजायची.

माती परीक्षणाच्या आयएस १८९२ या भारतीय मानकानुसार लहान इमारतीला मधोमध एक बोअर किंवा चाचणी खड्डाही चालू शकतो. पण कातळ उतरता असेल तर मी दोन घेईन, एक उताराच्या कडेला. शेजारी विहीर किंवा चिरेखाण असेल तर आधी तिची कड बघा. जांभ्याची जाडी तिथे फुकटात दिसते. तीत जाडजूड, सलग जांभा दिसला आणि घर एकमजली असेल, तर नुसत्या खड्ड्यावरही भागेल.