नजर सहा बाय सहा, तरी दोऱ्याचा रंग चुकतो : पाऱ्याचे काम करणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : माझे यजमान गेली एकोणीस वर्षे गुजरीजवळच्या एका कारखान्यात झारेकऱ्याचे काम करतात. सोनारांच्या दुकानांतील केरमाती धुवायची, पाऱ्यात घोळून तिच्यातले सोने धरायचे आणि शेवटी तो गोळा गॅसच्या ज्योतीवर तापवून पारा उडवायचा, असे हे काम आहे. प्रत्येक सोनाराच्या पुडीला वेगळ्या रंगाचा दोरा असतो. गेल्या दिवाळीपासून ते निळ्या आणि हिरव्या दोऱ्यांत चुकू लागले आहेत. नेत्रतज्ज्ञांनी तपासून नजर सहा बाय सहा असल्याचे सांगितले; रंगीत ठिपक्यांतले आकडेही त्यांनी बरोबर वाचले. मालक म्हणतात, वयाने होते. पण त्यांचे वय फक्त ४४ आहे. हल्ली चिडचिड वाढली आहे आणि चिमटा धरताना हात थरथरतो. कारखान्यात रोज गूळ आणि दूध देतात, तोंडाला रुमाल बांधतात. पाऱ्याने नजर जाते का?
— एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, नेत्रतज्ज्ञांचे म्हणणे आणि आपले निरीक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सहा बाय सहा याचा अर्थ इतकाच की, सहा मीटरवरून पांढऱ्या पाटीवरची काळी अक्षरे नेहमीच्या निरोगी डोळ्याला दिसतात तशी दिसली. त्या पाटीवर रंगच नसतो, त्यामुळे रंगाची जाण बिघडली आहे की नाही याबद्दल ती काही सांगू शकत नाही. ठिपक्यांतल्या आकड्यांची जी चाचणी झाली, ती बहुधा इशिहारा चाचणी असावी. ती मुख्यतः जन्मजात लाल-हिरव्या रंगांधत्वासाठी तयार झालेली आहे आणि निळ्या-पिवळ्या बाजूचा दोष तिच्यात सापडत नाही. पाऱ्याच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या ज्या तपासण्या निरनिराळ्या देशांत झाल्या आहेत, त्यांत नेमकी हीच निळी-पिवळी बाजू दुबळी झालेली वारंवार आढळली आहे. अशा माणसाला फिका निळा आणि फिका हिरवा सारखेच वाटू लागतात. आपण दोऱ्याचे जे वर्णन केले आहे ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते. पंधरा रंगीत टिकल्या छटांच्या क्रमाने लावायच्या, अशी डी-१५ नावाची चाचणी आहे. तिचाच फिक्या रंगांचा प्रकार ‘लँथोनी डी-१५’ म्हणून ओळखला जातो आणि सुरुवातीचा दोष त्यात लवकर पकडला जातो. चाचणी दिवसाच्या प्रकाशासारख्या उजेडात आणि प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र व्हावी. सोबत कॉन्ट्रास्टची, म्हणजे फिकट करड्या अक्षरांची चाचणी आणि दृष्टिक्षेत्राची, म्हणजे समोर पाहताना कडेचे किती दिसते याची, तपासणी करून घ्यावी. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात आधी चौकशी करून जावे, आणि केसपेपर काढतानाच यजमानांचा व्यवसाय सांगावा. ‘सोनारकाम’ एवढे सांगून भागणार नाही. ‘पारा तापवतो’ हे शब्द कागदावर उतरले पाहिजेत, कारण ते कानावर पडल्याशिवाय डॉक्टरांचा विचार सहसा त्या दिशेला जात नाही.

आता पारा डोळ्यांपर्यंत पोहोचतो कसा, ते पाहू. पोटात गेलेला धातुरूप पारा फारसा शोषला जात नाही. श्वासावाटे गेलेली त्याची वाफ मात्र सुमारे ८० टक्के फुप्फुसांतून रक्तात उतरते, तिथून मेंदूत आणि मज्जासंस्थेच्या इतर भागांत शिरते आणि पेशींमध्ये तिचे रूप बदलले की सहजासहजी बाहेर पडत नाही. डोळ्याचा पडदा हा मज्जासंस्थेचाच भाग असल्याने तो यातून सुटत नाही. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. पण उकळण्याची वाट न पाहता तो साध्या खोलीतही हवेत जात असतो. वीस अंशांवर बंद खोलीतली हवा पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरली, तर एका घनमीटरमध्ये १३ मिलिग्रॅमहून अधिक पारा असतो. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हा आकडा तिच्या पाचशेपटीहून जास्त होतो. इथे तर पारा ज्योतीवर धरला जातो. या वाफेला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणेही नाही, त्यामुळे ‘आज वाफ जास्त होती’ असे कामगाराला कधी वाटतच नाही.

रुमालाचा उपयोग धुळीपुरता. वाफ त्यातून आरपार जाते. गूळ आपल्या जिल्ह्याचा, आणि तो खाण्यास माझी हरकत नाही, परंतु गुळाने किंवा दुधाने शरीरातला पारा उतरतो या समजुतीला आधार नाही. उलट, त्या समजुतीमुळे हवा बाहेर ओढणारा पंखा आणि खिडकी यांचा खर्च टाळला जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. खोलीत फिरणारा पंखाही वाफ इकडची तिकडे करतो, इतकेच. गोळा तापवण्याची जागा झाकलेली असावी आणि तिथली हवा नळीने थेट बाहेर, वस्तीपासून दूर ओढली जावी. त्याहून चांगला मार्ग बंद भांड्याचा आहे : त्यात वाफ नळीतून जाऊन थंड होते आणि बहुतेक पारा परत मिळतो. मालकांना आरोग्याची भाषा पटली नाही, तर वाया जाणाऱ्या पाऱ्याच्या किमतीची भाषा बहुधा पटेल. सांडलेला पारा केरसुणीने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढू नये, कारण त्याने थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर.

स्पष्ट सांगायचे तर दोऱ्यापेक्षा मला चिमट्याची काळजी अधिक वाटते. हाताची थरथर आणि स्वभावातला बदल ही पाऱ्याच्या दीर्घकालीन विषबाधेची फार जुनी, ओळखीची लक्षणे आहेत. हिरड्या सुजणे, तोंडात लाळ सुटणे, झोप उडणे हीही त्यांच्या जोडीला येतात. कारखान्यातली चार-पाच वर्षांपूर्वीची पावतीपुस्तके काढून यजमानांची तेव्हाची सही आणि आजची सही शेजारी ठेवून पाहा. अक्षर तुटक, कापरे झाले असेल तर तेच पुस्तक डॉक्टरांना दाखवा. त्याइतका चांगला पुरावा आपल्याला दुसरीकडे मिळणार नाही.

वाफेच्या संपर्कासाठी लघवीतील पाऱ्याची तपासणी योग्य ठरते, आणि ती क्रिएटिनिनच्या (लघवीतून नेहमी बाहेर पडणारे एक टाकाऊ द्रव्य; लघवी किती पातळ आहे ते त्यावरून कळते) हिशेबात मागावी. वर उल्लेख केलेल्या अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची मार्गदर्शक पातळी एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे २० मायक्रोग्रॅम आहे. नमुना कारखान्यात देऊ नये. अंघोळ करून, कपडे बदलून, प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत द्यावा, नाहीतर हातावरचाच पारा त्यात मोजला जातो. रक्ततपासणी अलीकडच्या दिवसांतला संपर्क दाखवते आणि मासे खाल्ल्याने तिचा आकडा वाढू शकतो. शरीरातील पारा निम्मा होण्यास साधारण दोन महिने लागतात, म्हणून काम सोडून वर्ष झाल्यावर तपासणी शुद्ध आली, तरी पूर्वी काही झाले नव्हते असा तिचा अर्थ होत नाही. पारा बाहेर काढणारी औषधे आहेत; ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि संपर्क चालू ठेवून घेण्यात अर्थ नसतो.

त्याच वेळी साखर तपासून घ्यावी. मधुमेहातही निळ्या-पिवळ्या रंगांची जाण कमी होते. मोतीबिंदू, काचबिंदू, दारू आणि तंबाखू यांचाही विचार करावा लागतो. सगळे खापर पाऱ्यावर फोडून मधुमेह राहून गेला, असे होऊ नये.

नजर जाईल का, हा आपला मूळ प्रश्न. धातुरूप पाऱ्याच्या वाफेने माणूस पूर्ण आंधळा होत नाही. रंग, फिकट छटा आणि कडेचे दिसणे यांत उणेपणा येतो. तो भरून येतो का, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी मिळाले आहे : इटलीतील कामगारांच्या एका पाहणीत कामाच्या जागेचा पारा कमी केल्यावर वर्षभराने रंगांची जाण सुधारलेली दिसली, तर ब्राझीलमध्ये ट्यूबलाइटच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या कामगारांत ती काही वर्षांनंतरही अधूच राहिली होती. म्हणून तपासण्यांचे अहवाल येईपर्यंत यजमानांनी निदान तापवण्याचे काम तरी थांबवावे. पाऱ्याची विषबाधा १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील सूचनापात्र, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या, व्याधींमध्ये होती. निदान झाले तर डॉक्टरांकडून ते लेखी घ्यावे.

प्रश्न : मी डॉक्टरांची रक्तदाब मोजण्याची पाऱ्याची यंत्रे एकतीस वर्षे दुरुस्त केली, आता निवृत्त आहे. चष्म्याचा नंबर काढायला गेलो असता, डोळ्यातल्या भिंगावर तपकिरी झाक आहे, असे मला सांगण्यात आले. हा मोतीबिंदू समजावा का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बहुधा नाही. पाऱ्याच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे राहिलेल्यांच्या डोळ्यांत भिंगाच्या पुढच्या आवरणावर पारा साचतो आणि स्लिटलॅम्पच्या (डोळा मोठा करून तपासण्याच्या उपकरणाच्या) प्रकाशात तिथून करडी-तपकिरी चमक परत येते. ॲटकिन्सन या नेत्रतज्ज्ञाने १९४३ मध्ये तिचे वर्णन केले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती दोन्ही डोळ्यांत सारखीच असते आणि तिच्यामुळे नजर कमी होत नाही. आपला पाऱ्याशी दीर्घकाळ संबंध आला होता, एवढेच ती सांगते. विषबाधा झाली आहे असे त्यातून ठरत नाही. ही झाक एकाच डोळ्यात असेल, तर मात्र कारण दुसरे शोधावे लागेल.

या झाकेसाठी शस्त्रक्रिया नको आणि थेंबही नकोत. दिसणे अंधूक झाले असेल, तर ते आपल्या वयाच्या इतर कोणाही माणसाइतकेच काळजीपूर्वक तपासावे. जुन्या यंत्रांचा उरलेला पारा घरात बाटलीत ठेवला असल्यास (दुरुस्ती करणाऱ्यांच्या घरी तो हमखास असतो) बाटली घट्ट बंद करून, मोरीत न ओतता, घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यावी.

प्रश्न : जपानमध्ये पाऱ्यामुळे लोकांना नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागले, असे वाचले. हुपरी-कोल्हापूरच्या कारागिरांना तसे होऊ शकते का?
— एक विद्यार्थी, हातकणंगले

उत्तर : मिनामाता येथील तो आजार १९५६ मध्ये उजेडात आला आणि त्याचे कारण मिथिलमर्क्युरी हे पाऱ्याचे सेंद्रिय संयुग होते, कारखान्याच्या सांडपाण्यातून ते समुद्रात आणि माशांतून माणसांत गेले. त्याआधी १९४० मध्ये इंग्लंडमध्ये, बियाण्यांना लावण्याचे मिथिलमर्क्युरीयुक्त औषध बनवणाऱ्या कामगारांतही दृष्टिक्षेत्र असेच चहूबाजूंनी आक्रसलेले नोंदले गेले होते. त्या विषाचा मारा मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागावर असतो. डोळा वरून निर्दोष दिसतो आणि माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटत चालतो.

मुलामा देणारे, सोने गाळणारे किंवा यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर वाफेच्या संपर्कात येतात. त्यांच्यात दृष्टिक्षेत्राची उणीव आढळली तरी ती सहसा इतकी तीव्र नसते. आपल्याकडच्या एखाद्या कारागिराला खरोखरच नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागले, तर त्याच आठवड्यात डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा. तिथे पाऱ्यापेक्षा काचबिंदू सापडण्याचा संभव कितीतरी जास्त आहे, आणि काचबिंदूत गेलेले दृष्टिक्षेत्र परत मिळत नसले तरी उरलेले औषधाने बहुधा राखता येते.