बबल टिप ॲनिमोन रोज कोळंबी खातो आणि दुसऱ्या दिवशी ओकतो, काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: ठाण्यात २०० लिटरचा समुद्री टँक आहे, बबल टिप (शुंडकांची टोकं बुडबुड्यासारखी फुगणारा, खडकाला चिकटून राहणारा मऊ समुद्री प्राणी) आणून दोन आठवडे झाले, रोज रात्री कोळंबीचा मोठा तुकडा देता, तो धरतो, गिळतो आणि सकाळी पांढरा बुळबुळीत गोळा बाहेर टाकतो. अधूनमधून तोंड उघडं दिसतं आणि तो आक्रसून बसतो.

आधी कोळंबी बंद करा. रंग शाबूत असेल तर आठ-दहा दिवस काहीच देऊ नका, उपाशी मरत नाही तो. त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल असतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. आपण देतो तो वरखर्च. शिवाय गिळायला आणि टाकायला तोंड एकच. मोठा तुकडा गेला की वरवरचा भाग पचतो, आतला पचायच्या आधीच सडायला लागतो, आणि मग सगळं बाहेर येतं. गिळणं, पचवण्याचा प्रयत्न आणि ओकणं या तिन्हीत त्याची शक्ती जाते. रोज खायला घातल्यामुळेच तो खंगतोय, असं माझं मत आहे.

बाहेर काय पडतं ते मात्र नीट बघा. पांढरा, कापसासारखा गोळा असेल तर ते न पचलेलं मांस. तपकिरी लाळेच्या दोऱ्या आणि त्यात गडद तपकिरी बारीक गोळ्या असतील तर तो जास्तीचं शैवाल टाकतोय. नव्या उजेडाशी जुळवून घेताना हे होतं, घाबरू नका. दिवसातून एकदा तास-दोन तास अंगातलं पाणी बाहेर टाकून आक्रसणंही नेहमीचंच, पुन्हा फुगला म्हणजे झालं. तोंड सताड उघडं, आतले पांढरे धागे बाहेर लोंबतायत आणि पाय (खडकाला धरणारा तळ) कशालाच चिकटलेला नाही, अशी तिन्ही लक्षणं एकदम दिसली तर मात्र प्रकरण गंभीर आहे.

या उपासाच्या दिवसांत पाणी तपासा. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) आरओच्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा. नुसतं शून्य बरोबर असलं तरी ३५ च्या आसपास तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. तापमान २४ ते २७ अंश, क्षारता ८ ते १० डीकेएच (क्षारतेचं एकक), अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या खाली. नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर आणायच्या नादाला लागू नका, शैवालालाही थोडं खत लागतं. टँकचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. सहा महिन्यांच्या आतला असेल तर आकडे बरोबर असूनही ते दिवसागणिक हलतात, आणि ॲनिमोनला तेच सोसत नाही. या टँकमध्ये पूर्वी कधी तांबं असलेलं औषध टाकलं असेल, तर तेही तपासून घ्या. अपृष्ठवंशी जीवांना ते विषच.

ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय पाणी ३० च्या वर जातं. पृष्ठभागावर पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात, पण आपल्याकडच्या दमट हवेत पुण्याइतका फायदा मिळत नाही, आणि बाष्पीभवन वाढतं ते वेगळं. तेवढी भर रोज साध्या आरओ पाण्याने घाला, मिठाच्या पाण्याने नाही. उडतं ते पाणी, मीठ टँकमध्येच राहतं.

उजेडाबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही, आणि माझा दुसरा संशय तिथे आहे. साधी पांढरी ट्यूब चालत नाही. निळा प्रकाश भरपूर असलेला रीफ एलईडी (प्रवाळांच्या टँकचा दिवा) हवा, ॲनिमोन बसतो तिथे १५० ते २५० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप), रोज आठ-दहा तास. मीटर नसेल तर त्याच्याकडेच बघा. उजेड कमी पडला की तो लांबलचक ताणतो, काचेवर वर चढत राहतो. जास्त झाला की कपारीत घुसून लहान होतो. दिवा नवा असेल तर निम्म्या जोरावर सुरू करून दोन आठवड्यांत चढवा. टोकाचे बुडबुडे जाऊन शुंडकं सरळ झाली म्हणून जीव टांगणीला लावू नका. त्यावर तर्क बरेच आहेत, पण निरोगी ॲनिमोनमध्येही ते येतात-जातात.

रंगही बघा. तपकिरी, हिरवट किंवा लालसर असेल तर शैवाल शाबूत आहे. पांढराफटक, नुसती टोकं गुलाबी, म्हणजे शैवाल गेलेलं. पिवळाधमक दिसत असेल तर बहुधा रंगवून विकलेला. अशा दोन्ही ॲनिमोनना उपास सोसत नाही, त्यांना खाणं हवंच. पण दोन-तीन मिलिमीटरचा कण किंवा तीन-चार मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), दर दोन-तीन दिवसांनी, आणि ओकला तर आणखी बारीक.

तुमचा रंगाने ठीक असेल तर दहा दिवसांनी सुरू करा. ताजी कोळंबी आणा, सोला, काळा दोरा काढा, आरओ पाण्यात धुवा आणि मीठ-हळद लावायच्या आधीच टँकचा वाटा बाजूला काढून मटारच्या दाण्याहून लहान तुकडे गोठवा. पाकिटातली घ्यायची तर घटकांमध्ये सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट (मांसात पाणी धरून ठेवायला घालतात ते रसायन) आहे का वाचा. असेल तर ती तुमच्या ताटात जाऊ दे. तिसऱ्यांचं मांस किंवा माकूलही चालतं. बांगडा-तारली नको, पाण्यावर तवंग येतो. सुकट, कोंबडी, कलेजी, गोल्डफिश यांतलं काहीच नको.

तुकडा टँकच्याच पाण्यात वितळवा आणि ते पाणी फेका. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न पंप (गाळलेलं पाणी परत टँकमध्ये आणणारा) १५ मिनिटं बंद, टायमर लावून, कारण पंप पुन्हा सुरू करायचं हमखास विसरलं जातं. लांब प्लास्टिकच्या चिमट्याने तुकडा शुंडकांना नुसता टेकवा, तोंडात कोंबू नका. चिकटला की शुंडकं आत वळतात, तोंड पुढे येतं, दहा-वीस मिनिटांत तुकडा दिसेनासा होतो. चिकटलाच नाही तर उचलून घ्या, दोन दिवसांनी बघू. क्लीनर श्रिंप असेल तर तो तोंडात पाय घालून घास ओढून काढतो आणि तोंड फाटू शकतं. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून झाकण काढा आणि खाऊन होईपर्यंत बाटलीचं तोंड वर राहील असा ॲनिमोनवर झाका.

आठवड्याला असा एक तुकडा पुरे, वाढ हवी असेल तर दोन. त्याहून जास्त घातलं की नायट्रेट चढतं, आणि कधीकधी बबल टिप दुभंगतो. दुभंगला तर नवी तोंडं नीट होईपर्यंत आठवडाभर दोघांनाही काही देऊ नका. क्लाउनफिश असेल तर तो स्वतःचे घास आणून टाकतोच, आणि त्याच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनियाही शैवाल वापरतं, तेव्हा तुमचा हात आणखी आखडता.

अजून एक, आणि हे आजच करा. वेव्हमेकरवर आणि पंपाच्या तोंडावर स्पंजची किंवा जाळीची टोपी बसवा. अस्वस्थ ॲनिमोन रात्री चालायला लागतो, आणि पंपाच्या पंख्यात सापडला तर चिरडलेल्या मांसाने सकाळपर्यंत सगळा टँक धोक्यात येतो. टोपी दर तीन-चार दिवसांनी धुवा, नाहीतर प्रवाह कमी होतो. चालताना त्याला ओढून जागेवर ठेवायला जाऊ नका, पाय फाटला तर जिवावर बेतू शकतं. जागा त्याची त्याला निवडू द्या.

आणि पाय सुटून, हात लावला की विरघळल्यासारखा तुकडे होऊन येत असेल, वर काढल्यावर सडकी घाण येत असेल, तर तो गेला. वाट न बघता हातमोजे घालून बाहेर काढा, ३० ते ४० टक्के पाणी बदला, ताजा कार्बन (पाणी शुद्ध करणारा सक्रिय कोळसा) टाका आणि पुढचे तीन दिवस रोज अमोनिया मोजा.